तपासणीचा कागद प्रथम कोणाच्या हाती?



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. माणसाच्या अंगातून रक्त काढतात, थुंकी घेतात, छातीचा फोटो काढतात. त्याची तपासणी होते आणि निकाल कागदावर उतरतो. तो कागद प्रथम कोणी पाहावा? डॉक्टरांनी, मालकाने, सरकारने, की ज्याचे रक्त त्याने?

चंद्रपुरात आज सकाळी रक्त दिले तर पुष्कळदा सायंकाळपर्यंत निकाल मोबाइल फोनवर येऊन पडतो. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी असते, कधी चार दिवसांनी. मधल्या रात्री माणूस त्या आकड्यांसमोर एकटा बसतो. ज्या आकड्यापुढे फुली किंवा ठळक अक्षर असेल त्यावर बोट ठेवतो आणि घरातल्या शिकलेल्या पोराला हाक मारतो. कित्येक डॉक्टरांना ही पद्धत घातक वाटते. कित्येक रुग्ण म्हणतात, रक्त आमचे, पैसे आमचे, मग कागद आमच्या आधी दुसऱ्याने का वाचावा? वर्तमानपत्रांतून हा वाद नवा म्हणून मांडला जातो. आमच्या मते तो मुळीच नवा नाही. त्याचा बराचसा इतिहास आपल्याच कोळशाच्या खाणींत आणि पलीकडच्या गडचिरोलीच्या जंगलात घडलेला आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. खाणकामगारांच्या संघटनेत तीसएक वर्षे काढताना जे कागद हातांखालून गेले, आणि ते समजून घेण्यासाठी जी पुस्तके वाचावी लागली, त्यांच्या आधारावर आम्ही बोलत आहोत.

रोग्याला सर्व सांगू नये, हा वैद्यकाचा फार जुना संकेत आहे. चरकसंहितेत शिष्याला दीक्षा देताना जो उपदेश केला आहे, त्यात रोग्याचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी, जेथे सांगितल्याने त्याला वा त्याच्या माणसांना धक्का बसेल तेथे ते सांगू नये, असे बजावले आहे. १८४७ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघाने आपली पहिली आचारसंहिता केली, तिचाही सूर असाच होता. १९६१ साली तेथील डॉक्टरांना विचारण्यात आले की, कर्करोग असल्यास तुम्ही रोग्याला सांगता काय? शंभरांत नव्वदांच्या आसपास डॉक्टरांनी न सांगण्याकडे कल दाखविला. १९७९ साली असाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा जवळजवळ सर्वांनी सांगण्याच्या बाजूने उत्तर दिले. अवघ्या अठरा वर्षांत दोन हजार वर्षांचा संकेत उलटला! मधल्या काळात उपचार सुधारले होते, हे एक कारण. दुसरे असे की, माणसे डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसेनाशी झाली होती.

तथापि न सांगणे हे नेहमी दयेपोटी होत होते, असा कोणी समज करून घेऊ नये. १८९८ साली इंग्रज सरकारने महारोग्यांसंबंधी कायदा केला. रस्त्यावर भीक मागणारा, महारोगी वाटणारा मनुष्य पोलिसाने धरावा, नेमलेल्या डॉक्टरांनी त्याला तपासून दाखला द्यावा आणि त्या दाखल्यावरून न्यायाधिकाऱ्याने त्याची रवानगी महारोग्यांच्या आश्रमात करावी, अशी त्याची रचना होती. तपासणी झाली, निकाल लागला, आणि कागद गेला न्यायाधिकाऱ्याकडे. ज्याच्या अंगावरचा चट्टा तपासला त्याच्या वाट्याला निकालातून आली ती केवळ रवानगी. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे पुस्तकात तसाच होता. तो २०१६ साली रद्द झाला. आपल्या जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले ते १९५० च्या आगेमागे, म्हणजे हा कायदा चांगला जिवंत असताना. लोक आनंदवनाची गोष्ट करुणेची म्हणून सांगतात. आम्हांला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांच्याविषयीचा कागद नेहमी दुसऱ्याच्या हाती जात असे, अशी माणसे तेथे स्वतः शेती, कारखाने आणि हिशेब पाहू लागली.

त्याच वरोऱ्याला १८७० नंतरच्या दशकात सरकारी कोळसाखाण सुरू झाली होती. ती १९०६ साली बंद पडली. त्या काळी खाणीत उतरणाऱ्याची छाती कोणी तपासत नसे. खोकला आला की माणूस घरी बसे, आणि त्याची जागा दुसरा घेई. १९५२ चा खाण कायदा आणि १९५५ चे खाण नियम यांनी चित्र बदलले. पुढे त्या नियमांत नोकरीला लागताना एक व नंतर किमान पाच वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. आमचे लोक तिला ‘पीएमई’ म्हणतात. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, कुठल्याही खाणीत विचारा. कामगाराला दुसरे इंग्रजी येवो न येवो, ही तीन अक्षरे येतात.

या तपासणीचा निकाल ज्या नमुन्यावर येतो त्याला ‘फॉर्म ओ’ म्हणतात. त्याच्या तळाशी एक बारीक टीप छापलेली असे. दाखल्याची एक प्रत संबंधित इसमाच्या हाती द्यावी, दुसरी खाणीच्या मॅनेजरला रजिस्टर टपालाने धाडावी, तिसरी तपासणाऱ्याने आपल्याजवळ ठेवावी. गंमत पाहा! कायदा करणाऱ्याने मॅनेजरला टपालाने आणि कामगाराला हातात, असा भेद केला. म्हणजे कामगाराला कागद आधी मिळावा, निदान मागाहून मिळू नये, हे १९५५ च्या नियमांत अभिप्रेत होते. फोनवरच्या निकालाची आज जी चर्चा चालते, तिचे उत्तर त्या बारीक टिपेत कितीतरी वर्षांपासून छापलेले होते.

व्यवहारात काय घडे? एका खाणीतील प्रकार आम्ही जवळून पाहिला आहे. तेथे तपासणी झाली की कामगार पाळीवर परत जाई आणि कागद परस्पर कचेरीत जाई. आठ-पंधरा दिवसांनी हजेरीबाबू खिडकीतून ओरडून सांगे, “तू फिट”, “तू फिट”, “तुला साहेबांनी बोलावले आहे”. ज्याला बोलावले त्याच्याकडे रांगेतले सगळे पाहत. आपल्या फुप्फुसाची बातमी माणसाला हजेरीच्या खिडकीवर, पन्नास जणांच्या देखत मिळे. आपली प्रत मागितली तर “तुला काय समजणार त्यात?” हे उत्तर ठरलेले असे.

आता या कागदाचे मोल काय, तेही सांगितले पाहिजे. त्यात तीन वाटा असत. मनुष्य खाणीतील कोणत्याही कामास योग्य आहे, किंवा अमुक रोगामुळे सर्वच कामास अथवा जमिनीखालील कामास अयोग्य आहे, किंवा त्याचा दोष दुरुस्त करून इतक्या महिन्यांत त्याला पुन्हा तपासावे. जमिनीखाली अयोग्य ठरला की भूमिगत भत्ता गेला. सर्वच कामास अयोग्य ठरला की नोकरी गेली. पण राष्ट्रीय कोळसा वेतन करारात, कायमच्या अपंग झालेल्या कामगाराच्या जागी त्याच्या एका आश्रिताला काम देण्याची तरतूद होती. म्हणून सेवेची थोडी वर्षे उरलेला आणि घरी बेकार मुलगा असलेला कामगार ‘अनफिट’ या शब्दाची भीती बाळगीत नसे. तो त्याची वाट पाहत असे. हे ऐकून शहरातील मंडळी नाके मुरडतात. ज्यांनी बापाच्या खोकल्याच्या बदल्यात मुलाची नोकरी मिळताना पाहिली आहे, त्यांना नाक मुरडणे जमत नाही. मुद्दा एवढाच की, ज्या कागदावर एवढे अवलंबून, तो मालकाच्या कपाटात आधी पोचणे हा साधा टपालाचा प्रश्न राहत नाही. निर्णयाविरुद्ध अपील करण्याची मुदत असते, आणि कागद हाती नाही तोवर अपील कशाविरुद्ध करायचे?

संघटनेने प्रत मागायला शिकविले, अर्ज लिहून दिले, आणि हळूहळू प्रत मिळू लागली. तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. तीही लपविता कामा नये. दाखल्यासोबतच्या पानावर तपासणीचे तपशील असत. छातीच्या फोटोपुढे कधी ‘१/०’ असा आकडा दिसे. कामगार आम्हांला विचारी, “हे एक भागिले शून्य म्हणजे काय? मी पास की नापास?” आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने धुळीच्या रोगाचे फोटो वाचण्याची एक पद्धत ठरविली आहे. तीत नमुन्याचे फोटो समोर ठेवून कामगाराचा फोटो त्यांच्याशी ताडून पाहतात. ‘१/०’ याचा अर्थ असा की, वाचणाऱ्या डॉक्टरांनी हा फोटो पहिल्या पायरीचा ठरविला, पण तो निर्दोष असू शकेल काय याचाही त्यांनी गंभीरपणे विचार केला. म्हणजे त्या तिरप्या रेघेत डॉक्टरांची शंका नोंदवलेली आहे! असा कागद एकट्याने वाचणारा एक तर उगाच घाबरेल, नाही तर उगाच निर्धास्त होईल. त्याला समोर बसून सांगणारा कोणीतरी हवा, आणि तो हजेरीबाबू नव्हे.

खाण कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला गेला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नमुने बदलतील, अक्षरे बदलतील. तीन प्रतींचा तो हिशेब मात्र कामगारांनी विसरू नये.

आता वैनगंगेपलीकडे जाऊ. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. हिवतापाच्या बाबतीत हा मुलूख महाराष्ट्रात पहिला राहिला आहे. देशात हिवतापनियंत्रणाचा कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलनाच्या कार्यक्रमात रूपांतर झाले. मलेरियावाला दारोदार फिरे. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंब घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या देई आणि पुढच्या टोल्याकडे जाई. काचपट्टी प्रयोगशाळेत पोचे, कोणी सूक्ष्मदर्शकाखाली ती पाही, निकाल वहीत चढे. जंगलातील गावात तो परत येईपर्यंत दिवस जात, पावसाळ्यात कधी आठवडे. तोवर रोगी एक तर बरा झालेला असे, नाही तर दगावलेला. कित्येकांना आपल्या थेंबाचे पुढे काय झाले, ते कधीच कळले नाही. लोक रक्त देत राहिले, आणि सरकारी तक्त्यात आकडे वाढत राहिले.

मग एक लहानशी वस्तू आली, आणि तिने हा सारा क्रम उलटा केला. आशा कार्यकर्ती २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावात आली. पुढे तिच्या पिशवीत झटपट तपासणीची पट्टी आली. बोटाचा एक थेंब, वर औषधाचे काही थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. पट्टीवर एक ठरलेली रेघ उमटलीच पाहिजे; ती न उमटली तर पट्टीच बाद. तिच्या जोडीला दुसरी रेघ आली तर हिवताप. ही दुसरी रेघ कोण प्रथम पाहतो? तापाने फणफणलेला माणूस, त्याची आई, शेजारीपाजारी आणि आशाताई, सगळे एकदम. डॉक्टर त्या वेळी कित्येक कोसांवर असतात. म्हणजे निकाल डॉक्टरांच्या आधी रुग्णाने पाहणे ही काही पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनी संगणकावर लावलेली सुरुवात नव्हे. भामरागड आणि एटापल्लीच्या माडिया माणसाने ते अंगणात बसून पाहिले आहे. त्याने काही गोंधळ झाला नाही. पट्टी दाखविणारी बाई त्याच गावची, त्याचीच बोली बोलणारी, आणि गोळ्या तिच्या पिशवीतच होत्या. रेघ उमटली की लगेच काय करायचे, ते तिला ठाऊक होते.

कायद्याच्या बाजूने शहरांतील रुग्णाला हक्क मिळाला तो टप्प्याटप्प्याने. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, रुग्णाने आपल्या केसपेपरांची नक्कल मागितली तर रुग्णालयाला गुप्ततेची सबब पुढे करता येणार नाही. २००२ साली वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत आले की, मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत. नियम चांगला होता. किती रुग्णालयांच्या भिंतीवर तो लावलेला आपण पाहिला आहे, ते आपणच आठवा.

आणि मग २०२० साल उजाडले. करोनाच्या त्या जून महिन्यात मुंबई महानगरपालिकेने प्रयोगशाळांना हुकूम काढला की, ज्याचा निकाल बाधित निघेल त्याचा अहवाल थेट त्याला देऊ नये, पालिकेला द्यावा. पालिका त्याला कळवील. कारणही दिले गेले. अहवाल हाती पडताच लक्षणे नसलेले लोक घाबरून खाटा अडवितात आणि खऱ्या गरजूंना खाट मिळत नाही. या कारणात काहीच तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. खाटांसाठी काय धावाधाव होती, ती आपण सर्वांनी पाहिली. पण त्या हुकुमाचा परिणाम पाहा. एका खोलीत सहा माणसे राहतात, त्यांतील एकाचा निकाल प्रयोगशाळेत तयार आहे, आणि पालिकेचा फोन येईपर्यंत तो त्याच खोलीत निजतो. १९ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सांगितले की, अहवाल रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना वा रुग्णालयाला मिळालाच पाहिजे. १८९८ च्या कायद्याशी या हुकुमाची तुलना आम्ही करीत नाही; हेतू अगदी निराळे होते. तरीही संकट आले की सत्तेचा हात आधी कागदाकडे जातो, एवढे त्यात दिसले.

यानंतर फोनवरच्या निकालाला कोणी अडविले नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने डिजिटल आरोग्य अभियान देशभर सुरू केले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक, आणि त्याला जोडलेले त्याचे कागद, अशी योजना आहे. अमेरिकेत त्याच वर्षी ५ एप्रिलपासून असा नियम लागू झाला की, निकाल तयार होताच तो रुग्णाला पाहता आला पाहिजे. डॉक्टरांनी तो आधी पाहिलेला नसला तरी चालेल. तेथील डॉक्टरांत मोठी खळबळ उडाली. मग २०२३ साली आठ हजारांवर रुग्णांची मते घेतलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक जणांनी सांगितले की, डॉक्टरांशी बोलण्याआधीच निकाल मिळावा. ज्यांचे निकाल बिघडलेले निघाले, त्यांना काळजी अधिक वाटली. पण त्यांतीलही बहुतेकांनी मत बदलले नाही. आम्हांला याचे नवल वाटले नाही. हजेरीच्या खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या कोणालाही वाटणार नाही.

काळजी मात्र खरी असते, आणि पुष्कळदा विनाकारण असते. यातील हिशेब थोडा समजून घ्यावा. अहवालावर आकड्यापुढे जी ‘सामान्य मर्यादा’ छापतात, ती बहुधा अशी ठरवितात की, निरोगी शंभर माणसांपैकी पंच्याण्णव तिच्या आत यावीत. म्हणजे धडधाकट शंभरांतील पाच त्या मर्यादेबाहेर पडणारच. आता एकाच वेळी वीस निरनिराळ्या तपासण्या केल्या, तर अगदी निरोगी माणसाच्या कागदावरही निदान एक ठळक अक्षर येण्याचा संभव शंभरात चौसष्ट इतका होतो. हे ‘पॅकेज’ तपासणीच्या जाहिरातीत कोणी सांगत नाही. रात्री नऊ वाजता तो ठळक आकडा फोनवर पाहणाऱ्या माणसाला हा हिशेब कोण सांगणार?

याहून कठीण प्रकार सिकलसेलचा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा रक्ताचा दोष पुष्कळ आहे. मध्य भारतातील त्याची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. यात वाहक निराळा आणि ग्रस्त निराळा. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो, काम करतो, म्हातारा होतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणी मूल ग्रस्त होण्याचा संभव चारांत एक असतो. आता गावोगाव पहिली जी स्वस्त तपासणी होते, तिच्यात रक्त औषधाच्या पाण्यात टाकतात. पाणी गढूळ झाले की ‘पॉझिटिव्ह’. पण वाहक असो वा ग्रस्त, पाणी दोघांचेही गढूळच होते! कोण काय, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस नावाची दुसरी तपासणी लागते. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासण्याचे त्याचे उद्दिष्ट ठरले, आणि तपासलेल्यांना कार्डे देण्याची योजना आली. उत्तम गोष्ट आहे. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधल्या दिवसांत ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द गावात फिरतो. मुलीच्या बाबतीत तर तो तिच्या सोयरिकीच्या आधी पुढच्या गावी पोचतो. मुलाच्या रक्ताविषयी अशी चौकशी करायला कोणी फारसे जात नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

निकालाआधी बोलणे आणि निकालानंतर पुन्हा बोलणे, ही गोष्ट आपल्या देशात जमत नाही असे नाही. एचआयव्हीच्या बाबतीत ती जमविली गेली. तपासणीपूर्वी संमती आणि समुपदेशन, निकालाबरोबर पुन्हा समुपदेशन, ही शिस्त आधी सरकारी केंद्रांत आली आणि २०१७ च्या कायद्याने पक्की केली. तेथे रुग्णापासून कागद लपविला जात नाही, आणि तो त्याच्या अंगावर फेकलाही जात नाही. एका रोगासाठी हे होऊ शकले, कारण रोग्यांनी स्वतः संघटना करून ते मागितले. रक्त सर्वांचे सारखेच लाल. मग सिकलसेलच्या मुलीला आणि धुळीने छाती भरलेल्या लोडरला वेगळा न्याय का?

बोलायचे म्हटले की भाषेचा प्रश्न येतो. हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याला प्रथम माडिया बोली शिकावी लागली. त्यावाचून रोगी आपले दुखणे सांगू शकत नव्हता. आज फोनवर येणारा अहवाल इंग्रजीत असतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. पण फोनला संपर्क मिळाला तर अहवाल त्याही दिवशी पोचतो. डॉक्टर मात्र पाणी उतरल्यावर भेटतात. खाणींत तर मराठी, हिंदी, तेलुगू आणि छत्तीसगढी अशा चार बोलींची माणसे एकाच पाळीत उतरतात.

आमच्या संघटनेने एका खाणीच्या व्यवस्थापनाला जे मागणीपत्र दिले, त्यात दोन कलमे या विषयाची आहेत. पहिले असे की, तपासणीचा निकाल आणि सोबतचे तपशिलाचे पान ज्या दिवशी तयार होईल त्याच दिवशी कामगाराच्या हाती किंवा त्याच्या फोनवर द्यावे, आणि कचेरीत त्याआधी देऊ नये. दुसरे असे की, ज्याच्या पानावर काही दोष निघाला असेल, त्याला तीन दिवसांच्या आत पगारी वेळेत डॉक्टरांसमोर बसून, त्याच्या भाषेत तो समजावून घेता यावा; आणि बरोबर घरचे किंवा संघटनेचे एक माणूस नेण्याची मुभा असावी. पहिले कलम व्यवस्थापनाने पहिल्याच बैठकीत मान्य केले. त्यात त्यांचा खर्च वाचतो. टपालही लागत नाही. दुसऱ्या कलमाला डॉक्टर हवेत, खोली हवी आणि कामाचा वेळ हवा. त्यावर तीन बैठका झाल्या आहेत आणि चौथी पावसाळ्यापूर्वी व्हावयाची आहे.